गोव्याचा जनमत कौल वर्गात शिकवताना

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही ज्युनियर कॉलेजला इतिहास शिकवायला नुकतेच लागलाय, सिलॅबसमध्ये राज्यसंस्था, अस्मिता, न्याय असे दांडगे शब्द आहेत, आणि चर्चा घेतली की दहा मिनिटांत वर्गाचा टीव्हीवरचा डिबेट शो होतो. मग हे प्रश्न इतिहासात घ्यायचेच कशाला, सरळ सनावळी शिकवून मोकळं व्हावं का, असं तुम्ही विचारलंय.

घ्यायचे, नक्की घ्यायचे. पण शब्द घेऊन वर्गात जायचं नाही. फळ्यावर 'न्याय म्हणजे काय' असं लिहिलंत की संपलं, पोरं घरी जे ऐकतात तेच इथे येऊन बोलणार, त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यापेक्षा एकच प्रकरण घ्यायचं, लहान, ज्यात कागद आहेत, आकडे आहेत, आणि ज्यात हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेत पण एकच नाहीत. मी बरीच वर्षं गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या कॉलेजात शिकवतोय, वर्गात निम्मी पोरं इकडची सावंतवाडी-बांद्याची आणि काही गोव्यातल्या पेडण्याहून येणारी, त्यामुळे माझं हुकमी प्रकरण ठरलेलं आहे: 16 जानेवारी 1967 चा गोव्याचा जनमत कौल, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावर घेतलेलं मतदान. तुम्ही कुठेही असा, हे चालतं. महाराष्ट्रातल्या पोरांना तर फारच चालतं कारण त्यांना हे बहुधा कोणी सांगितलेलंच नसतं.

थोडक्यात पार्श्वभूमी. 19 डिसेंबर 1961 ला लष्करी कारवाईनंतर गोवा भारतात आला, दमण आणि दीवसकट केंद्रशासित प्रदेश झाला. डिसेंबर 1963 मध्ये पहिली विधानसभा निवडणूक, त्यात भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला, म्हणजे मगोप, ज्याच्या नावातच त्याचा कार्यक्रम होता, गोवा महाराष्ट्रात विलीन करा. विरोधात जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोअन्स पक्ष, त्यांचं म्हणणं गोवा वेगळाच राहू दे. काँग्रेसला गोव्यात भोपळा. मगोप म्हणत होता की आम्ही विलीनीकरणाच्या नावावर निवडून आलो, म्हणजे लोकांनी कौल दिलाच की, आता अजून काय विचारायचं? 1965 मध्ये गोवा विधानसभेने तसा ठराव केला, महाराष्ट्र विधानसभेनेही केला. सिक्वेरा म्हणत होते की लोकांनी सरकार निवडलंय, गोवा मोडायला परवानगी दिलेली नाही, वेगळं विचारा.

हे दोन युक्तिवाद वर्गात ठेवा आणि गप्प बसा. इथेच राज्यसंस्थेचा प्रश्न आला बघा, शब्द न उच्चारता. एखादा पक्ष निवडून देणं म्हणजे त्याच्या जाहीरनाम्यातल्या प्रत्येक ओळीला होकार का? नगरपालिका चालवायला निवडलेली माणसं गाव दुसऱ्या तालुक्यात घालू शकतात का? बरं, संविधानाच्या कलम 3 प्रमाणे राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेला आहे, त्यासाठी लोकांचं मतदान घ्यायची अट कुठेच नाही. मग दिल्लीने गोव्यातच का विचारलं? तर डिसेंबर 1966 मध्ये संसदेने खास कायदा केला आणि विचारलं. बांदोडकरांनी 3 डिसेंबरला राजीनामा दिला, कारण मुख्यमंत्रीच एका बाजूचा असेल तर मतदान निःपक्ष कसं होणार ही विरोधकांची मागणी होती, आणि राष्ट्रपती राजवटीत मतदान झालं.

मतपत्रिकेवर दोनच चिन्हं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहायचं. दमण-दीवला वेगळा प्रश्न होता, गुजरातेत जायचं का असा.

आता पोरांना विचारा, या मतपत्रिकेत काय नाही? दर वर्षी कोणीतरी एकजण बरोबर पकडतो. स्वतंत्र राज्य हा पर्यायच नाही. म्हणजे ज्याला विलीनीकरण नको पण दिल्लीच्या नायब राज्यपालाच्या हाताखालीही राहायचं नाही, त्याने शिक्का कुठे मारायचा? दोन पानांवरच. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला तो 30 मे 1987 ला, वीस वर्षांनी. प्रश्न कोण लिहितो, पर्याय किती ठेवतो, यात उत्तराचा मोठा भाग आधीच ठरलेला असतो, हे मी व्याख्यान देऊन कितीही वेळा सांगितलं असतं तरी पोचलं नसतं, फूल आणि दोन पानं फळ्यावर काढली की पोचतं.

दुसरं, कोणाला विचारलं नाही? मुंबईत तेव्हा गोंयकार केवढे होते, धोबीतलाव, माझगाव, जहाजावर जाणाऱ्यांचे ते कूड, म्हणजे गावागावाच्या लोकांच्या सामायिक राहायच्या जागा. ही माणसं पैसे घरी पाठवायची, सुट्टीला गावी जायची, मरायला गावीच यायची. पण मतदारयादीत नाव गोव्यात नाही म्हणून मत नाही. सिक्वेरांच्या बाजूने मागणी होती की बाहेरच्या गोंयकारांना मत द्या, ती मान्य झाली नाही. उलट बाजूचा मुद्दाही तेवढाच वजनदार आहे बरं का, जो तिथे राहत नाही, ज्याच्या जमिनीचा-शाळेचा-रेशनचा या निकालाने काही फरक पडणार नाही, त्याने इथल्यांचं भवितव्य का ठरवावं? माझ्या वर्गात मुंबई-पुण्याला भाऊ-बहीण असलेली पोरं आणि नसलेली पोरं यावर हमखास वेगवेगळं बोलतात, आणि मग त्यांना आपोआप कळतं की 'जनता' ही काही आधी तयार असलेली वस्तू नव्हे, यादी करणारा ती ठरवतो.

मग आकडे द्यायचे. हा भाग घाईत उरकू नका, याला अख्खा तास द्या. एकूण मतदार 3,88,432. मतदान केलं 3,17,633 जणांनी, म्हणजे जवळजवळ 82 टक्के. दोन पानांना 1,72,191, फुलाला 1,38,170. फरक 34,021 चा. बाकीची 7,272 मतं बाद. पोरांना टक्केवारी स्वतःला काढू दे, मोबाईलवर काढतील, काढू दे. वैध मतांपैकी साधारण साडेपंचावन्न टक्के दोन पानांकडे.

आणि मग तो प्रश्न, जो महाराष्ट्राच्या बाजूला कायम ऐकू येतो, की ख्रिश्चनांमुळे गोवा गेला. उगाच उपदेश करू नका, गणित करायला लावा. त्या काळात गोव्यात ख्रिश्चन ढोबळमानाने 38 टक्के, हिंदू 60 च्या आसपास. समजा झाडून सगळ्या ख्रिश्चनांनी दोन पानांवर शिक्का मारला, एकही मत इकडे-तिकडे नाही, आणि सगळ्या समाजांचं मतदान सारख्याच प्रमाणात झालं. तरी 38 च होतात. साडेपंचावन्नपर्यंत जायला अजून साडेसतरा हवेत, ते आले कुठून? बाकीच्या 62 मधून. म्हणजे ख्रिश्चन सोडून उरलेल्या दर दहा मतदारांतले जवळपास तीन दोन पानांकडे गेलेच असले पाहिजेत, नाहीतर बेरीज जुळत नाही. मतदान गुप्त होतं, कोणी कुठे मत दिलं हे व्यक्तीगणिक आपल्याला कधीच कळणार नाही, पण 'धर्मावर मतदान झालं' हे एकमेव उत्तर तरी गणितातच नापास होतं. फळ्यावर हे मांडताना वर्गात जी शांतता होते ना ती बघण्यासारखी असते, कारण ते विधान करणाऱ्या पोराला कोणी गप्प केलेलं नसतं, त्याने स्वतःच वजाबाकी केलेली असते.

तालुके बघितले तर अजून मजा. फुलाचा जोर पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या पट्ट्यात, दोन पानांचा सासष्टी, बार्देश, तिसवाडी, मुरगाव इकडे, सासष्टीत तर फारच. हा नकाशा 1967 चा वाटतो पण त्याखाली एक जुना नकाशा दडलेला आहे. तिसवाडी, बार्देश, सासष्टी हे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात घेतले, त्या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले मुलूख. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले, पेडणं तर सावंतवाडीकर भोसल्यांकडून 1788 मध्ये, त्या नव्या काबिजादी. तोवर धर्मांतराचा जोर ओसरलेला होता, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, मोडकळीला आलेलं होतं, म्हणून तिथली देवळं राहिली, कीर्तनं राहिली, मराठी पोथ्या राहिल्या. एका राजवटीत दोनशे वर्षं आधी गेलात की नंतर, याचा परिणाम मतपेटीत दिसतो. अस्मिता रक्तात असते असं म्हणणाऱ्याला हा नकाशा दाखवायचा.

पण इथेच थांबलात तर पोरं म्हणणार, हां म्हणजे जुनी काबीजाद विरुद्ध नवी काबीजाद, झालं. नाही झालं. 'राष्ट्रमत' नावाचं दैनिक मडगावहून निघायचं, चंद्रकांत केणी संपादक. विलीनीकरणाच्या विरोधात सगळ्यात धारदार लिखाण या पेपरातून झालं, उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' नावाचं सदर लिहायचे. आणि हा पेपर कुठल्या भाषेत? मराठीत. महाराष्ट्रात जाऊ नका, आपली भाषा कोंकणी आहे, हे गोव्यातल्या हिंदू वाचकाला मराठीतून पटवून दिलं गेलं कारण तो वाचायचा मराठीच, घरात कोंकणी बोलायचा, देवळात मराठी आरती म्हणायचा, आणि या दोन्हीत त्याला काही भांडण दिसत नव्हतं, तोवर तरी. विलीनीकरणवाल्यांचा 'गोमन्तक'ही मराठीच. म्हणजे एकाच भाषेतले दोन पेपर, त्या भाषेच्या राज्यात जायचं की नाही यावर झुंजत होते. मराठी येणं, मराठी असणं, आणि महाराष्ट्रात असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बडोदा, इंदूर, तंजावरच्या मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही, आपल्या इकडे सांगावं लागतं.

आता न्याय. मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात कमी शिकवला जाणारा भाग हाच. मगोपला मत देणारा सत्तरीतला माणूस काय संयुक्त महाराष्ट्राच्या प्रेमाने मत देत होता का? काही देत असतील. पण बांदोडकरांची खरी ताकद होती बहुजन समाजात, आणि बहुजन समाजाचा रोजचा प्रश्न होता भाटकार, म्हणजे जमीनदार. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारा, घर त्याचं, खालची जमीन भाटकाराची, मर्जी फिरली की चंबूगबाळं आवरायचं. कूळ जमीन कसायचं, पण हक्काचा कागद नाही. अशा माणसाला महाराष्ट्र दिसत होता तो शिवाजी महाराजांमुळे जितका, तितकाच कुळकायद्यामुळे, मराठी शाळेमुळे, सरकारी नोकरीमुळे. त्याच्या दृष्टीने 'वेगळा गोवा' म्हणजे भाटकारांचा गोवा. आणि उलटीकडे सासष्टीतला ख्रिश्चन मुंडकार, त्याचाही भाटकार होताच की! पण त्याला महाराष्ट्रात गेल्यावर आपण शेकड्यात पाच-दहाही उरणार नाही ही भीती जास्त मोठी वाटली. दोघांवरचा अन्याय एकच, शिक्के वेगवेगळे. यावर मी पोरांना एकच काम देतो, या दोघांची गाठ बाजारात पडली असं धरा आणि संवाद लिहा. कोणालाही जिंकवायचं नाही ही अट. चांगली लिहितात, तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली.

आणि यात एक गंमत आहे ती मगोपच्याच सरकारची. विलीनीकरणाची वाट न बघता 1964 मध्येच बांदोडकरांच्या सरकारने गोव्याचा स्वतःचा कूळ कायदा केला. गावोगावी मराठी शाळा काढल्या. म्हणजे ज्या गोष्टींसाठी महाराष्ट्र हवा होता त्यातल्या काही महाराष्ट्रात न जाताच मिळायला लागल्या. शिवाय आपला माणूस पणजीत मुख्यमंत्री आहे, विलीन झालो तर मुंबईत 270 आमदारांच्या सभागृहात गोव्याचे मूठभर, तिथे भाऊंना कोण विचारणार, हा हिशोब बहुजन मतदारालाही येत असणारच. फुलाची काही मतं यामुळे गळाली असावीत असा माझा तर्क आहे. तर्कच, आणि वर्गातही तर्क म्हणूनच सांगतो.

आता सगळ्यात आवडता भाग. जानेवारीत विलीनीकरण हरलं. मार्चमध्ये विधानसभा निवडणूक. कोण जिंकलं? मगोप. 30 पैकी 16, युनायटेड गोअन्सना 12, बांदोडकर परत मुख्यमंत्री. पोरं चक्रावतात. दोन महिन्यांत लोकांचं मन फिरलं? लगेच कोणीतरी हुशार हात वर करतो, सर, लोकांनी दोन प्रश्न वेगळे केले, विलीनीकरण नको पण भाऊ हवेत. सुंदर उत्तर आहे, बहुतेक लेखांतही हेच असतं. त्यावर मी मतांची टक्केवारी लिहितो. मार्चमध्ये मगोपला एकूण मतांतली साधारण 40 टक्के. जानेवारीत फुलाला पडलेली, बाद मतं धरून, साडेत्रेचाळीस. म्हणजे मगोप वाढला नाहीच, उलट थोडा घसरला! मग जिंकला कसा? कारण जानेवारीत गोवाभर मिळून एकच बेरीज होती आणि मार्चमध्ये मतदारसंघागणिक तीस वेगळ्या बेरजा. साधारण तेवढ्याच टक्क्यांनी एका पद्धतीत हरता येतं आणि दुसऱ्या पद्धतीत सरकार येतं.

अजून एक आकडा बघायला लावा. युनायटेड गोअन्सला मार्चमध्ये साधारण 38 टक्के, पण दोन पानांना तर, बाद मतं धरून, 54 होते. मधले 16 टक्के गेले कुठे? अपक्षांकडे, इकडे-तिकडे, थोडे कदाचित मगोपकडेही. म्हणजे 'विलीनीकरण नको' म्हणणाऱ्यांत बरेच असे होते ज्यांना सिक्वेरांचा पक्षही नको होता. त्यांनी जानेवारीत एका प्रश्नाला उत्तर दिलं आणि मार्चमध्ये दुसऱ्या. तर त्या हुशार पोराचं उत्तर पूर्ण चूक नाही, फक्त त्याने ते चुकीच्या गटाबद्दल दिलं. मला वर्गात नेमकं हेच हवं असतं. राज्य कोणाचं, आपण कोण, आणि कोणावर अन्याय होतोय, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाच माणसाकडे त्यांची तीन वेगळी, कधीकधी एकमेकांना छेद देणारी उत्तरं असतात. पुस्तकात आपण त्यांची एक मोळी बांधतो आणि तिला गोमंतकीय जनतेचा कौल म्हणतो.

सोर्स काय वापरायचे हेही तुम्ही विचारलं होतंत. आजी-आजोबांच्या मुलाखती जरूर घ्यायला लावा, फुलाला कोणी का मत दिलं हे पेडण्यातली जुनी माणसं आजही मोकळेपणी सांगतात. पण कशाला मत दिलंत एवढंच विचारून सोडायचं नाही, कारण निकाल माहीत झाल्यावर आठवण निकालाच्या दिशेने सरकते, राज्य झाल्यावर अजून सरकते. मतदानाला कोणाबरोबर गेलात, रांग कुठे होती, घरात कोण कोणाशी बोलेनासं झालं होतं, जमीन कोणाची होती, असले बारके प्रश्न विचारा. ही उत्तरं सहजी बदलत नाहीत. आणि दोन्ही पेपरांचे एकाच दिवसाचे अंक शेजारी शेजारी ठेवा, लायब्ररीत मिळाले तर. एकटा पेपर देऊ नका, कुठलाही.

'मग न्याय झाला की नाही' हे पोरं विचारणारच. टाळू नका, मतही लपवू नका, सांगा. मी सांगतो की लोकांना विचारलं हे चांगलंच झालं, पर्याय दोनच ठेवले हे वाईट झालं, आणि कोंकणी-मराठीचा वाद त्या मतदानाने मिटला नाही, 1986 च्या अखेरीस त्यावरून हिंसाचार झाला, माणसं गेली, मग 1987 चा राजभाषा कायदा आला, देवनागरीतली कोंकणी राजभाषा, सरकारी कामात मराठीलाही मुभा, आणि रोमी, म्हणजे रोमन, लिपीत कोंकणी लिहिणारे ख्रिश्चन लोक, ज्यांनी दोन पानांसाठी जिवाचं रान केलं होतं, त्यांची लिपी बाहेर. पोरांना माझ्याशी भांडू दे. फक्त भांडताना आकडा किंवा कागद हातात हवा एवढाच नियम.

राहिला बेळगावचा मुद्दा, कारण महाराष्ट्रात हे शिकवताना तो कोणीतरी काढणारच. काढू दे, तुलना खरंच चांगली आहे. ऑक्टोबर 1966 मध्ये केंद्राने बेळगाव सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला, म्हणजे गोव्यात मतपेटी जायच्या दोन-अडीच महिने आधी. एकाच सुमाराला, एकाच दिल्लीने, एकीकडे लोकांना विचारलं आणि दुसरीकडे एका निवृत्त न्यायाधीशांना. आयोगाने 1967 मध्ये बेळगाव शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडेच, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे, ठेवायची शिफारस केली, महाराष्ट्राने ती मानली नाही, पुढचं तुम्हाला माहितीच आहे. बेळगावात मतदान घ्या म्हणणाऱ्या पोराला विचारा, मग गोव्याचा निकाल तुला मान्य आहे का? आणि गोव्याचा निकाल गोडवे गाऊन सांगणाऱ्याला विचारा, मग बेळगावात का नको? फक्त हा तास गोव्याचे आकडे झाल्यावरच घ्या. आधी घेतलात तर गोव्याचे आकडे कोणी बघणार नाही. माझ्याकडे एका बॅचला नेमकं तसंच झालं, बेल होईस्तोवर नुसत्या घोषणा. मतदारसंख्या, दोन चिन्हं, तालुक्यांचा नकाशा आणि मार्चच्या टक्केवारीचा एक पानी हँडआउट करून ठेवलाय, हवा असेल तर तुमच्या वर्गाप्रमाणे सोपा करून देतो.